पाण्याकाठचं घर आणि घरपट्टीचा कागद



गेल्या काही महिन्यांत आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक जाहिरात तीन वेळा फिरली. निळं पाणी, काठावर पांढरं बैठं घर, पुढे झोपाळा. खाली लिहिलेलं, "बॅकवॉटरला लागून, महिलांच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात सवलत." दोघी-तिघींनी मला विचारलंसुद्धा की तुम्ही घरचा हिशोब ठेवता, सांगा, घ्यावं का? उत्तर दोन ओळींत देता येईना, म्हणून हे लिहायला बसले.

आपल्याला पाण्याची ओढ का आहे, हे मंठ्याच्या बाईला सांगायला नको. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी टँकरपुढे हंडे लावले आहेत. निम्न दुधनाचं पाणी नळाला यायच्या आधीचे उन्हाळे अजून आठवतात. ज्या घरात आंघोळीचं पाणी झाडांना आणि भांडी विसळलेलं पाणी अंगणात जात होतं, त्या घरातल्या बाईला खिडकीतून अथांग पाणी दिसलं तर तिचा जीव सुखावणारच. त्यात वाईट काही नाही. पण पाणी बघणं वेगळं आणि पाण्याकाठी घर मालकीचं असणं वेगळं. यातला फरक मी माझ्या नणंदबाईंच्या कागदांत पाहिला.

आमच्या अक्का संभाजीनगरला असतात. भाऊजींनी पंधराएक वर्षांपूर्वी पैठणकडे, नाथसागराच्या फुगवट्याजवळच्या एका गावात छोटं घर बांधलं. हौस होती. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात ते बघायला आम्हीही सगळे तिथे गेलो आहोत, पहाटे शाली पांघरून ओट्यावर बसलो आहोत. भाऊजी गेले आणि तीन वर्षं त्या घराचं कुलूप कुणी नीट उघडलं नाही. गेल्या वर्षी पर्युषणाच्या आधी अक्कांनी मला बोलावलं, एक फुगलेली फाइल पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, मला यातलं काही कळत नाही. तू बघ आणि सांग, हे घर मला दर वर्षी कितीला पडतं."

मी आधी घरपट्टी काढली. कर मोठा असेल असंच मला वाटत होतं. तो निघाला सगळ्यात लहान.

ग्रामपंचायतीची घरपट्टी आता भांडवली मूल्यावर लागते. पूर्वी चौरस फुटावर लागायची, ती पद्धत २०१५ च्या शेवटी बदलली. जागेचा सरकारी मूल्यदर, बांधकामाचा खर्च, घराचं वय आणि वापर कसला, राहण्याचा की धंद्याचा, हे धरून घराचं मूल्य काढतात आणि त्यावर हजारामागे दर लावतात. त्याच्या जोडीला दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी असते. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत भरलं तर पाच टक्के सूट मिळते, आणि वर्ष संपूनही राहिलं तर पाच टक्के जादा लागतात. अक्कांची थकबाकी धरूनही ही रक्कम एका लग्नाच्या आहेराएवढी होती.

आपल्या मंठ्यात आता नगरपंचायत आहे, त्यामुळे इथला हिशोब वेगळा. नगरपंचायत घराचं वार्षिक भाडेमूल्य धरते. म्हणजे हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा, आणि उरलेल्या रकमेवर कर. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. तेव्हा नोटीस येते आणि हरकत घ्यायला मुदत असते. ती नोटीस देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नका, वाचा. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. दहा हजार थकले तर महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे. बँकेत ठेव ठेवून यापेक्षा कितीतरी कमी मिळतं, म्हणून बिल आल्याबरोबर भरून टाकावं हे उत्तम.

मग बाकीच्या पावत्या काढल्या. राखणदाराचा पगार, आणि त्याच्या खोलीवरचे पत्रे. वीज वापरलीच नाही तरी येणारा स्थिर आकार. मोटार दोनदा जळलेली. बोअरचा पाइप. ओलीने फुगलेली दारं आणि गंजलेल्या खिडक्या, कारण पाण्याजवळची हवा लाकूड-लोखंड खातेच. कुंपण, गवत काढणं, रस्त्याला मुरूम. वर संभाजीनगरहून जाण्यायेण्याचं पेट्रोल. मी सगळी बेरीज घरपट्टीच्या शेजारी मांडली. घरपट्टी एक बोट, आणि बाकी सगळा हात. त्या तीन वर्षांत घरात मुक्काम किती रात्री झाला, हेही मी वहीत लिहिलं. अकरा. अक्का तो आकडा बराच वेळ बघत होत्या.

अक्कांचा मुलगा, माझा भाचा, अमेरिकेत मिशिगनला असतो. तिकडे तर तळीच तळी. त्यानेही तिथे तळ्याकाठी सुट्टीचं घर बघितलं होतं. फोनवर मी त्याला विचारलं, तुमच्याकडे घरपट्टी कशी लागते? त्याने सांगितलं ते ऐकून मी पुन्हा विचारून खात्री केली. तिथे बाजारभावाच्या निम्म्या रकमेपर्यंत करपात्र मूल्य धरतात. १९९४ च्या एका दुरुस्तीने जुन्या मालकाचं करपात्र मूल्य दर वर्षी महागाईच्या प्रमाणात किंवा पाच टक्के, यातलं जे कमी असेल तेवढंच वाढू शकतं. पण घर विकलं गेलं की ते झाकण उघडतं आणि नव्या मालकाला ताज्या भावावर कर बसतो. म्हणजे विकणाऱ्या आजोबांचं बिल बघून घर घेतलं तर पहिल्याच वर्षी डोळे पांढरे व्हायचे.

आणखी एक. आपण राहतो त्या घराला तिथे शाळेच्या करातला एक मोठा भाग माफ असतो, हजाराला अठरा डॉलर. दुसऱ्या घराला ती माफी नाही. समजा घर चार लाख डॉलरचं, करपात्र मूल्य दोन लाख. नुसत्या या एका बाबीचे वर्षाला छत्तीसशे डॉलर, बाकीचे कर वेगळेच. भाचा म्हणाला, "मामी, इथे सरकारच विचारतं, एका घरात भागत नाही का?" आणि हसला. त्याने ते घर घेतलं नाही.

आपल्याकडे सरकार ते विचारत नाही. घरपट्टी तर लहान असतेच, आणि आयकरातही आता दोन घरं स्वतःच्या वापराची म्हणून दाखवता येतात, त्यांवर काल्पनिक भाड्याचा कर लागत नाही. म्हणून आपल्याला दुसरं घर स्वस्त वाटतं. त्यामुळे तो प्रश्न आपल्यालाच स्वतःला विचारावा लागतो.

त्यात जे पाणी बघून घर घेतलं, ते पाणी तरी आपलं असतं का? नाथसागर पसरट आहे, खोल नाही. धरणाची भिंतच जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे. भरला की समुद्र, आणि उन्हाळ्यात पाणी इतकं मागे सरतं की ओट्यावरून फक्त भेगाळलेला गाळ दिसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा भाऊजींच्या घरासमोर पाणी नव्हतंच, पोरं तिथे क्रिकेट खेळत होती. घरपट्टी मात्र त्या वर्षीही पूर्ण. आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यात जो पाऊस झाला, तो तर आपण सगळ्यांनी भोगला. गोदाकाठची गावं पाण्यात गेली. राखणदाराचा रात्री फोन आला की अक्कांना झोप लागायची नाही.

शिवाय नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि २०१७ मध्ये त्याच्या भोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. त्या पट्ट्यात नवं बांधकाम, हॉटेल, बोटी यांच्यावर बंधनं आहेत. ती हवीतच, नाहीतर रोहित पक्षी कशाला येतील? पण जाहिरातवाला हे सांगत नाही. तो "वॉटरफ्रंट" म्हणतो. पाण्याखालची जमीन तर शासनाने संपादन केलेली आहे. आपल्याच कुणाच्या तरी आजोळची, माहेरची शेतं त्या तळाशी आहेत. दुधनाकाठच्या आपल्या परतूर-मंठ्याच्या लोकांना हे काही नवीन नाही.

आता आपल्या धर्माचं बोलते. खरं तर मला तेच बोलायचं होतं.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातवा अध्याय व्रतांचा. त्यात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना उमास्वामींनी जी यादी दिली आहे, तिच्यात पहिलं नाव क्षेत्राचं आणि दुसरं वास्तूचं. म्हणजे आधी जमीन, मग घर. सोनं-चांदी, धन-धान्य, भांडीकुंडी ही सगळी नंतर. लहानपणापासून ऐकत आले, पण अक्कांच्या फाइलवर बसले होते त्या आठवड्यात पंडितजींनी तो भाग वाचला आणि मला त्या क्रमाचा अर्थ लागल्यासारखं वाटलं. दागिना डब्यात पडून राहतो. घर पडून राहत नाही. ते रोज काहीतरी मागतं, आणि आपण तिथे नसतानाही आपल्या नावाने त्यात काहीतरी घडत राहतं.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात याच व्रताला इच्छापरिमाण असंही म्हटलंय. वस्तू मोजायच्या आधी इच्छा मोजा. त्यांनी दिलेल्या अतिचारांत एक आहे विस्मय, म्हणजे दुसऱ्याचं वैभव बघून चकित होणं. ग्रुपवरचा तो झोपाळ्याचा फोटो तीन-तीनदा उघडून बघणं म्हणजे दुसरं काय?

आणि हिंसेचा हिशोब तर कुठल्याच पावतीत येत नाही. पाण्याकाठी संध्याकाळी ओट्यावरचा दिवा लावून बघा. पाच मिनिटांत किड्यांचा थर जमतो आणि सकाळी त्यांचा सडा झाडावा लागतो. बंद घराला वाळवी लागते, आणि वाळवीचा माणूस बोलावला की तो काय फवारतो ते आपल्याला ठाऊक आहे. राखणदार गरीब माणूस, तो धरणातले मासे आणणार, आपल्याच चुलीवर शिजवणार. त्याला काय म्हणून बोलायचं? शहरातले ओळखीचे "दोन दिवस घर द्या" म्हणून किल्ली नेतात आणि मागे काय ठेवून जातात, हे अक्कांनी मला हळू आवाजात सांगितलं. आपण संभाजीनगरात पाणी गाळून पितोय, सूर्यास्ताआधी जेवतोय, आणि आपल्याच नावाच्या दुसऱ्या छपराखाली हे चाललंय. अनर्थदंड व्रतात ज्याला प्रमादचर्या म्हणतात, गरज नसताना पाणी, माती, अग्नी, वनस्पती यांची हानी करत राहणं, ती या अकरा रात्रींच्या घराला नेमकी लागू पडते. राहत्या घरात आरंभ होतोच, तो गृहस्थाला चुकत नाही. पण ज्या घरात राहतच नाही, त्याचा आरंभ कशासाठी?

अक्कांनी विकायचं ठरवलं. मुलगा आधी नाही म्हणाला. बाबांनी हौसेने बांधलंय, त्याचं म्हणणं. अक्का त्याला म्हणाल्या, "बाबांची हौस पक्षी बघायची होती. पक्षी तिथेच आहेत." दोन दिवसांनी त्याने होकार कळवला.

मग कागदांची वाट. घर अजून भाऊजींच्याच नावावर. हिंदू वारसा कायदा १९५६ आपल्या जैनांनाही लागू आहे. त्यामुळे अक्का, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा वाटा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वारसांची नावं लावून घेतली, पण लक्षात ठेवा, नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. मालकीसाठी खरेदीखत, सातबारा, हे सगळं वेगळं जुळवावं लागतं. मुलगा परदेशात, त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून आणावं लागलं. परदेशी राहणाऱ्याच्या हिश्शावर घेणाऱ्याला आयकरही वेगळ्या दराने कापावा लागतो. थकलेली घरपट्टी अक्कांनी पहिल्या दिवशी भरली, सूट-माफीची वाट न बघता.

गिऱ्हाईक लगेच आलं. भाव चांगला होता. पण त्याची अट अशी की कागदावर सरकारी दराइतकीच रक्कम दाखवायची आणि वरचे पैसे रोख. "सगळे असंच करतात ताई, तुमचाही कर वाचेल, माझंही शुल्क वाचेल." खोटं कशाला बोलू, त्या रकमेचा मोह पडावा अशी ती होती. अक्कांना मुलीच्या घरासाठी मदत करायची होती, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे उभं होतं. आमच्या यांनीही सांगितलं की बाजारात चालतं असं.

अक्का म्हणाल्या, विचार करून सांगते. ती आकिंचन्याच्या दिवसाची आदली संध्याकाळ होती. सामायिक करून उठल्या आणि मला म्हणाल्या, "अचौर्याच्या अतिचारांत तो एक आहे ना गं, राज्याच्या विरुद्ध जाण्याचा?" आहे. विरुद्धराज्यातिक्रम. खोट्या मापाच्या आणि भेसळीच्या ओळीत बसवलेला. राज्याचा न्याय्य कर चुकवणं त्यातच येतं, असं आपल्याला शिकवलेलं आहे. आपले वाडवडील दुकानदार होते. तराजूचा काटा त्यांनी सांभाळला, तो याच सूत्रामुळे. काट्यात मारलेलं पाप आणि खरेदीखतात मारलेलं पुण्य, असं काही नसतं. आणि कायद्यानेही स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड बसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाला नाही सांगितलं. घर अजून विकलं गेलेलं नाही. दोघे-तिघे बघून गेले, पूर्ण चेकने घेणारा मिळेपर्यंत राखणदाराचा पगार चालूच आहे, आणि ऑपरेशनसाठी अक्कांनी ठेव मोडली. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा लेखांच्या शेवटी चांगलं वागणाऱ्याला लगेच फळ मिळालेलं दाखवतात. अक्कांना अजून तरी मिळालेलं नाही. पण अनंत चतुर्दशीला त्यांनी नियम घेतला, वास्तू एक. संभाजीनगरचं राहतं घर. दुसरं विकलं जाईपर्यंत ते फक्त सांभाळायचं, वाढवायचं नाही, आणि त्यात दिवा लावायला जायचं नाही. आता रात्री राखणदाराचा फोन आला तरी पूर्वीसारखी छाती धडधडत नाही, असं त्या म्हणतात.

म्हणून मैत्रिणींनो, ती जाहिरात पुन्हा आली तर एवढं करा. वहीच्या एका पानावर घरपट्टी लिहा आणि तिच्याखाली राखण, वीज, दुरुस्ती, येणंजाणं. वर्षात खरोखर किती रात्री राहणार ते लिहा, आणि भागाकार करा. जागा अभयारण्याच्या पट्ट्यात, पूररेषेत किंवा धरणाच्या संपादित जमिनीत येते का, ते तहसील आणि पाटबंधारे कार्यालयात स्वतः विचारा. बाईच्या नावे निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे, हे खरं. घर बाईच्या नावावर असावं, असंच मी म्हणेन. राहत्या घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, ते आजच बघा. पण एक टक्का वाचतो म्हणून नव्व्याण्णव टक्के खर्चू नका. आणि सगळ्यात शेवटी, आपल्या परिमाणाच्या नियमात वास्तू किती लिहिल्या आहेत ते बघा. लिहिल्याच नसतील तर घर बघायला जायच्या आधी लिहा. बघून आल्यावर आकडा आपोआप वाढतो.

पाणी बघायचं असेल तर लोणार आपल्यापासून तासाभरावर आहे. तिथे काठावर कुणाला घर बांधता येत नाही. अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळांच्या यादीतही आहे. सकाळी डबा घेऊन जावं, वरच्या कडेवर बसावं, सूर्यास्ताआधी जेवून घरी यावं. पुढच्या महिन्यात मंडळाची सहल जिंतूरला नेमगिरीच्या दर्शनाला न्यायची आहे, तेव्हा लोणारचा एक दिवस जोडायचा का, ते कळवा. अक्काही येते म्हणाल्या आहेत.

जय जिनेंद्र.